एका चेंडूवर दोघं

दोन जानेवारीला सकाळी आठ वाजता निनियन गिलख्रिस्ट न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून हरण्याचा सराव करत होता.

"अरेरे!" तो आरशाला म्हणाला. खोटं वाटलं. "छे! थोडक्यात गेला!" हे तर त्याहून खोटं. मग त्याने नुसतीच मान हलवून पाहिली, तर दाढ दुखत असल्यासारखा चेहरा झाला. तो चेहरा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता, कारण तीस वर्षं तो पिटलॉरी गावात दातांचा डॉक्टर होता.

वास्तविक गोल्फमध्ये हरण्याचा त्याचा अनुभव दांडगा. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात तो पाऊस असताना हरला होता, ऊन असताना हरला होता, एकदा तर समोरचा भिडू आलाच नव्हता तरी हरला होता, कारण तो स्वतः चुकीच्या मैदानावर जाऊन थांबला होता. यासाठी कधी सराव लागला नव्हता. पण आज मुद्दाम हरायचं होतं. तेही आईच्या जोडीला खेळून, तिच्या डोळ्यांदेखत. आणि एल्स्पेथ गिलख्रिस्टच्या डोळ्यांतून गोल्फमधलं काही सुटलं असं आजवर पिटलॉरीत घडलेलं नव्हतं.

"झालं का?" बाहेरून हेझेलने दार वाजवलं. "सगळे निघालेत. आणि हे बघ, डोक्यात काही घालून घेऊ नकोस. नेहमीसारखं खेळ म्हणजे झालं."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याच्या खेळावर एवढा विश्वास पहिल्यांदाच दाखवला होता.

काल दुपारी नव्या वर्षाच्या जेवणात हे सगळं उपटलं. सूप झालं होतं, बीफ वाढून झालं होतं, वॉलेसकाका दुसऱ्या ग्लासाकडे वळले होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, म्हणजे अजून कुणी कुणाशी बोललं नव्हतं. आणि निनियनच्या बहिणीने, मार्सलीने, बटाटे पुढे सरकवता सरकवता सहज विचारलं, "काय गं आयोना, तो फॉर्म टाकलास का पोस्टात?"

आयोना म्हणजे निनियनची मुलगी, बावीस वर्षांची. तिचा काटा हवेत थांबला.

"कसला फॉर्म?" एल्स्पेथने विचारलं.

"आई, अजून थोडं घ्या ना तुम्ही," हेझेल घाईघाईने म्हणाली.

"कसला फॉर्म, हेझेल?"

"व्यावसायिक खेळाडू व्हायचा," आयोनाने सांगून टाकलं. "वसंतात चाचणी आहे, आजी. त्याआधी अर्ज पोचायला हवा."

एल्स्पेथने काटा-चमचा ताटात ठेवला, अगदी समांतर. घरातली सगळी माणसं त्या दोन वस्तूंकडे बघत बसली.

अडतीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, एकावन्न. ही चार सालं गिलख्रिस्टांच्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होत. त्या चार वर्षी एल्स्पेथने बायकांचं मोठं अजिंक्यपद जिंकलं, आणि चारही वेळा हौशी म्हणून. खेळापायी कुणाचा एक पेनी कधी घेतला नाही. एकदा बक्षीस म्हणून चांदीचा चहाचा संच मिळाला, तर बक्षिसाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा तो महाग निघतो म्हणून तिने साखरेचं भांडं परत पाठवून दिलं. घरात आजही चांदीच्या किटलीशेजारी काचेचं साखरेचं भांडं असतं, आणि पाहुण्यांनी विचारलं नाही तर त्यांना मुद्दाम सांगितलं जातं. तिचं मोठं तैलचित्र पुरुषांच्या क्लबात लावलं गेलं आणि क्लबात बायकांना मज्जाव असल्याने तिला स्वतःला ते बघायला एकतीस वर्षं लागली. बघून म्हणाली, "पकड चुकीची दाखवलीय."

"म्हणजे धंदेवाईक," एल्स्पेथ आता म्हणाली.

"आई, आता दिवस बदललेत," मार्सली म्हणाली.

"तू तिच्या बाजूची का?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही. तसं बघितलं तर तुझंही बरोबर आहे." मार्सली शाळेत खेळ शिकवायची, जिल्ह्याकडून खेळलेली होती, आणि जेवण संपायच्या आत दोनदा बाजू बदलायची तिला जन्माची सवय होती. "पण पोरगी एवढी चांगली खेळते. आणि जायचं वय हेच गं. माझं तर गेलंच."

"निनियन," एल्स्पेथ म्हणाली, "तू सांग हिला. नोव्हेंबरमध्ये तूच मला म्हणालास ना, की असं काही होणार नाही, मी बघतो म्हणून?"

"बाबा?" आयोना वळली. "ऑक्टोबरमध्ये तूच तर सही केलीस त्या फॉर्मवर!"

झाली का पंचाईत! सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. त्याचं असं होतं की खुर्चीत बसलेल्या प्रत्येक माणसाला 'अजिबात दुखणार नाही' म्हणायची तीस वर्षांची सवय, आणि ते घरीही चालूच राहायचं. आईला हो, लेकीला हो, बायकोला तर दोनदा हो. त्याने बीफचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि चावत बसला.

"दांडका," एल्स्पेथ म्हणाली.

विषय तिथेच संपला.

दांडका म्हणजे लापशी ढवळायची लाकडी काठी. एल्स्पेथच्या सासूची. बैठकीच्या खोलीत शेकोटीवर ती काचेत लावलेली होती. वर्षभरात घरात जे भांडण मिटलं नाही ते दोन जानेवारीला नऊ होलच्या जोडीच्या सामन्यात मिटवायचं, आणि जिंकणाऱ्याने दांडका वर्षभर सांभाळायचा, असा या घरचा नियम. पियानो कुणी न्यायचा ते दांडक्याने ठरलं होतं. समोरची खोली मार्सलीला मिळाली ती दांडक्याने. आयोनाचं नावसुद्धा दांडक्याने ठरलं, नाहीतर बिचारी आज युफेमिया असती. निकाल लागल्यावर त्या विषयावर पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. साठ वर्षांत कुणी काढला नव्हता.

आजोबांच्या जुन्या टोपीत चार चिठ्ठ्या पडल्या. एल्स्पेथ आणि निनियन एका बाजूला. मार्सली आणि आयोना दुसऱ्या.

"आम्हाला चार होलची आघाडी," एल्स्पेथ म्हणाली. "मी ऐंशीची आहे, आणि माझ्याकडे निनियन आहे. जिंकलो तर ही दोन वर्षं हौशी राहील, देशाच्या संघातून खेळेल, मग बघू. हरलो तर टाक तुझा फॉर्म."

"बरोबरी झाली तर?" वॉलेसकाकांनी विचारलं. ते तिचे धाकटे दीर, रिटायर्ड वकील. नियमांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कायम खिशात.

"बरोबरी म्हणजे तिचीच जीत धरा. मला अर्धवट काही नको."

रात्री झोपायला जाताना आयोनाने जिन्यात निनियनला गाठलं होतं. "बाबा, काळजी करू नकोस. तू नेहमीसारखा खेळ, बाकी आपोआप होईल." आणि त्याच्या गालाची पापी घेऊन गेली होती. हा प्रेमाचा भाग की अपमानाचा, यावर तो बराच वेळ पडल्या पडल्या विचार करत होता.

तर दोन तारखेला दहा वाजता सगळे पहिल्या टीवर, जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे. समुद्रावरून असा वारा की डोळ्यांतून पाणी काढावं. वॉलेसकाका पंच. बघायला हेझेल, टपाल कचेरीतली मिसेस पर्व्हिस आणि तिचा कुत्रा. एल्स्पेथ अंगावर तीन स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी घालून ताठ उभी होती. तिच्या पिशवीत सहाच स्टिक होत्या, त्यातल्या दोन युद्धाच्या आधीच्या.

एका चेंडूवर दोघांनी आळीपाळीने खेळायचं. एकाने मारायचा, तो जिथे जाऊन पडेल तिथून दुसऱ्याने. विषम होलला निनियनने सुरुवात करायची, समला आईने. या खेळातलं खरं दुखणं हे की तुमचा चेंडू तुमच्या आईला झुडपातून काढावा लागतो. निनियनने आईला त्या मैदानावरच्या प्रत्येक झुडपात पाठवून झालं होतं.

तो चेंडूवर उभा राहिला. एरवी इथे उभं राहिलं की त्याच्या डोक्यात एकच घोष चालायचा: चुकवू नकोस, चुकवू नकोस, चुकवू नकोस. आज पहिल्यांदाच त्याला चुकवायचंच होतं. छातीवरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. खांदे सैल पडले. त्याने उजवीकडच्या काटेरी झुडपांवर नेम धरला आणि स्टिक फिरवली.

टक्! असा आवाज झाला. त्याच्या स्टिकमधून असा आवाज कधी निघालाच नव्हता. चेंडू झुडपांवरून वर गेला, वाऱ्याने त्याला अलगद उचललं आणि हिरव्या पट्ट्याच्या मधोमध नेऊन ठेवलं. सव्वादोनशे यार्ड.

मिसेस पर्व्हिसचा कुत्रा तेवढा भुंकला.

"हे काय होतं?" मार्सलीने विचारलं.

"फटका," एल्स्पेथ म्हणाली. "असा असतो."

हेझेल निनियनकडे बघत राहिली. तो खांदे उडवून पुटपुटला, "अगं, वारा. वाऱ्याने केलं."

पण वाऱ्यावर किती ढकलणार? दुसऱ्या होलवर त्याने पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, मुद्दाम वाकडा मारला, तर हिरवळीचाच उतार वाकडा निघाला आणि चेंडू वळसा घेऊन आत गेला. तिसऱ्यावर वाळूच्या खड्ड्यात पाडायचा म्हणून जोर कमी लावला, तो खड्ड्याच्या काठावर आपटून पुढे उडाला आणि झेंड्याजवळ जाऊन बसला. आयोना जीव तोडून खेळत होती, तिचे फटके बघून मिसेस पर्व्हिस तोंडात बोट घालत होती, तरी आघाडी एकेक करूनच कमी होत होती. चार होलची तीन, तीनची दोन. हिशोबाप्रमाणे पाचव्यापर्यंत आघाडी संपायला हवी होती, आणि हा गृहस्थ संपू देत नव्हता.

"काय चाललंय तुझं?" पाचव्यावरून चालताना हेझेलने त्याला बाजूला घेतलं.

"मी काय करू? जमत नाहीये मला."

"चुकवायला जमत नाहीये? तुला?"

"चाळीस वर्षं चुकवलं तेव्हा कुणी अडवलं नाही, आणि आज नेमकं..." त्याला हसायला यायला लागलं. पुढे आयोना एकटीच मान खाली घालून चालली होती. ती मागे वळून बघत नव्हती. बापावर चिडायचं की त्याचं कौतुक करायचं, हे तिलाही ठरवता येत नसावं.

सहाव्यानंतर वाळूच्या टेकाडाआड वारा जरा कमी होता. तिथे सामना दहा मिनिटं थांबायचा, हीही जुनी पद्धत. मार्सली आणि आयोना टेकाडाच्या त्या बाजूला गेल्या. एल्स्पेथ काठीवरच्या घडीच्या बैठकीवर टेकली आणि निनियनने तिला थर्मासमधून सूप ओतून दिलं.

"आज चांगला खेळतोयस तू," ती म्हणाली.

हे वाक्य ऐकण्यासाठी तो बारा वर्षांचा असल्यापासून ताटकळला होता. म्हणायला हिला आजचाच दिवस सापडला!

"आई," तो म्हणाला, "जाऊ दे ना तिला."

"जिंकली तर जाईल."

"तसं नाही. तू स्वतःहून जाऊ दे. तुझं नाव काही त्यामुळे पुसलं जाणार नाही. चार पदकं आहेत, तैलचित्र आहे, साखरेचं भांडं आहे."

एल्स्पेथने सूप फुंकलं. "तुला अमेरिकेचं पत्र माहीत नाही."

"कुठलं?"

"पन्नास सालचं. एका कंपनीचं. वर्षभर तिकडे गावोगाव खेळायचं, पगार घेऊन. तू सहा वर्षांचा होतास, मार्सली चारची. माझे वडील तेव्हा होते, चर्चमध्ये उपदेश करायचे. तुझे बाबा होते. मी पत्र सगळ्यांसमोर वाचून दाखवलं." तिने सूपचा घोट घेतला. "मला वाटलं होतं भांडण होईल. भांडण झालं असतं तर मी गेले असते, निनियन. भांडायला मी तयार होते. पण तुझे बाबा काय म्हणाले, माहितीये? म्हणाले, तू नाहीच म्हणणार, मला ठाऊक आहे. वडील म्हणाले, शाबास पोरी. अजून मी नाही म्हटलंसुद्धा नव्हतं! आणि मग कशी जाणार? गावाने सत्कार केला माझा. नाही म्हटल्याबद्दल."

"तुला जायचं होतं?"

"ट्रंक भरली होती मी." तिने कप त्याच्या हातात दिला. "पन्नास वर्षं सगळे म्हणतायत, एल्स्पेथने केवढा मोठा त्याग केला, खेळाची शान राखली. मीही म्हणते. आता ही पोरगी उठून तेच करणार, आणि कुणाचं काही बिघडणार नाही. आकाश कोसळणार नाही. मग माझं काय झालं? मी उगाच राहिले, असंच झालं ना? मला ते सोसवत नाही रे. खरंच सांगते, सोसवत नाही."

निनियनने आईला आजवर असं बोलताना ऐकलं नव्हतं. तिचा हात धरावा असं त्याला वाटलं. पण एका हातात कप होता आणि दुसऱ्यात थर्मास, आणि हे ठेवून ते धरेपर्यंत ती उठलीही.

"चल. तुझा वारा मावळायच्या आत."

सातवा होल आयोनाने एकहाती जिंकला. आठवाही. नवव्याच्या टीवर वॉलेसकाकांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पुन्हा ठेवलं आणि जाहीर केलं, "बरोबरी. शेवटचा होल."

नववा लांब, आणि वारा सरळ तोंडावर. मार्सलीच्या पहिल्या फटक्याने चेंडू उंच गवतात गेला. आयोनाने तो कसाबसा काढला, मार्सलीने वाळूत घातला, आयोनाने वाळूतून इतका सुंदर उचलला की एल्स्पेथच्या तोंडून "वा!" निघून गेलं. पण पुढे दोन पट लागले. त्यांचे झाले सहा फटके.

इकडे निनियनचा पहिला फटका सरळ. त्याने आता विरोध करणं सोडून दिलं होतं. मग आईचा छोटा पण नेमका. मग त्याचा, हिरवळीच्या अलीकडच्या खळग्यात. आता एल्स्पेथचा नंबर. तिने ती युद्धाआधीची लोखंडी स्टिक काढली, गुडघे जरा वाकवले आणि चेंडूला टिचकी मारल्यासारखं केलं. चेंडू वर आला, हिरवळीवर उतरला आणि होलपासून चार फुटांवर थांबला. ऐंशी वर्षांच्या हातांनी! मिसेस पर्व्हिसने टाळ्या वाजवल्या.

चार झाले होते. पाचवा निनियनचा. गेला आत, तर सामना आईचा. नाही गेला, तर बरोबरी, म्हणजे आयोनाची जीत.

निनियनला एकदम सगळं लांबून ऐकू यायला लागलं. चार फूट. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात एक मिलिमीटरसुद्धा न हललेला त्याचा हात चार फुटांवरून कायम थरथरायचा. आज तो हात दगडासारखा स्थिर होता. त्याला कळून चुकलं की नीट मारला तर हा आत जाणार. आणि हेही की तो नीट मारणार नाही. एक इंच उजवीकडे. बस. आईला कळेल. कळू दे. आयुष्यभर तोंड दाखवता येणार नाही. नको दाखवायला. त्याने ठरवून टाकलं.

पटर, म्हणजे पट मारायची स्टिक, घेऊन तो पुढे झाला तशी आयोना त्याच्याजवळ आली. वास्तविक समोरच्या बाजूने असं यायचं नसतं. वॉलेसकाका खाकरले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "नीट मार हं."

"आयोना..."

"नाही. नीट मार. असं मला नकोय. तसं केलंस तर मी तो फॉर्म टाकणारच नाही." तिचे डोळे भरून आले होते. वारा होता म्हणून कुणाला दिसलं नाही. एल्स्पेथ तीन पावलांवर उभी होती, आणि तिच्या कानांना अजून काही झालेलं नव्हतं.

आता काय करायचं माणसाने? नीट मारावा तर पोरगी अडकते. चुकवावा तरी पोरगी अडकते. कुणालाच 'दुखणार नाही' म्हणता येईना. त्याच्याही डोळ्यांना धारा लागल्या आणि पुढचं दिसेना, म्हणून त्याने पटर हिरवळीवर टाकला, चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसायला लागला.

टप्.

त्याने चष्मा लावला. चेंडू जागेवर नव्हता. होलमध्ये होता. आणि होलच्या अलीकडे चार फुटांवर त्याची आई पटर हातात धरून उभी होती.

वॉलेसकाका होलपाशी आले आणि म्हणाले, "एल्स्पेथ... तो निनियनचा नंबर होता."

"हो का?"

"आत्ता आधीचा फटका तूच मारलास. खळग्यातून. एक मिनिट नसेल झालं."

"असेल."

"नंबर सोडून खेळलं तर... म्हणजे नियमाप्रमाणे..." वॉलेसकाकांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पण पान सापडेना. "होल जातो गं. सामना जातो."

"मग गेला. पान कशाला शोधतोस? पाठ आहे तुला." तिने पटर निनियनच्या हातात दिला. "ऐंशीची झाले मी, वॉलेस. माणूस विसरतं."

"आई!" मार्सली धावत आली आणि तिने एल्स्पेथचे दोन्ही खांदे धरले. चेहरा पांढराफटक पडला होता तिचा. "आई, आज वार कुठला? सांग बघू. पंतप्रधान कोण?"

"सोड मला. शनिवार आहे. आणि ते गृहस्थ मला आवडत नाहीत, मी नाव घेणार नाही."

"हेझेल, डॉक्टरांना फोन करू या का गं? सुट्टी आहे, पण..."

"मार्सली, तुझं डावं कोपर अजून बाहेर जातं. ते विचार डॉक्टरांना." एल्स्पेथने कानटोपी काढून आयोनापुढे हात केला, सामना संपल्यावर करतात तसा. "अभिनंदन."

आयोनाने हात हातात घेतला, पण सोडेना. "आजी, तू..."

"पोस्ट सोमवारी उघडतं. पाकीट जाड आहे, तिकिटं दोन लाव. आणि पलीकडे त्या धंदेवाईक लोकांत गेल्यावर वाळूतून काढताना मनगट आत्ता केलंस तसंच ठेव. कुणी सांगितलं तरी बदलू नकोस." मग ती म्हणाली, "जा. गारठशील."

आयोना आजीच्या गळ्यातच पडली. एल्स्पेथला मिठ्या मारून घ्यायची सवय नव्हती. ती ताठ उभी राहिली, आणि मग पाठीवर दोनदा थोपटलं.

सगळे पुढे गेले. मार्सली अजून हेझेलला डॉक्टरांबद्दल सांगत होती, वॉलेसकाकांना चालता चालता पान सापडलं होतं आणि ते मिसेस पर्व्हिसला वाचून दाखवत होते. निनियनने दोघांच्या पिशव्या खांद्यावर घेतल्या आणि आईच्या चालीने चालायला लागला.

"मी आत घातला असता तो," तो म्हणाला. हे वाक्य तो पुढे मरेपर्यंत म्हणणार होता, आणि कुणीही त्यावर विश्वास ठेवणार नव्हतं.

"तू चुकवणार होतास."

"...हो."

"लाज नाही वाटत? मुद्दाम चुकवायचा? माझ्या बाजूने खेळून?"

"आणि तू केलंस ते काय होतं?"

"मी विसरले."

"आई, सत्तेचाळीसच्या अंतिम सामन्यात बाराव्या होलला वारा कुठून होता ते तुला आठवतं. मी त्र्याऐंशी साली शेवटच्या होलला किती मारले ते तू अजून पाहुण्यांना सांगतेस."

"अकरा," एल्स्पेथ म्हणाली. "आणि एक मोजला नव्हतास."

चढ लागला तशी तिला धाप लागली. ती उभी राहिली आणि तिने निनियनचं कोपर धरलं. पुढे आयोना बापाकडे आणि आजीकडे बघत उलट्या पावलांनी चालत होती, हसत होती आणि नाक पुसत होती, दोन्ही एकदम.

"नीट बघून चाल गं, पडशील!" एल्स्पेथ ओरडली. मग आवाज खाली आणून, कुणालाच नाही अशा रीतीने म्हणाली, "पन्नास साली आमच्या घरात एक तरी माणूस असं विसरायला हवं होतं रे."